महिपती तात्यांच्या विहिरीचा उजेड

शाळेला सात खोल्या होत्या. सहांमध्ये वर्ग भरत आणि सातवीत महिपती तात्यांचे पाइप राहत. पाइपांच्या सोबतीला दोन मोडके नांगर, गोणपाटांची थप्पी, ऑइल इंजिनाचे रिकामे खोके आणि एक पाळणा होता. त्या पाळण्यात सर्वांत शेवटी झोपलेली तात्यांची मुलगी सारजा आता याच शाळेत नववीत होती.

इंदापुरातल्या या शाळेची जागा तात्यांच्या वडिलांनी दिली होती. तात्या ते विसरले नव्हते आणि इतरांनाही विसरू देत नसत. सातव्या खोलीची किल्ली त्यांच्या करदोट्याला बांधलेली असे. शाळा कमिटीच्या बैठकीत पाइपांचा विषय निघाला, की ते सदऱ्यावरूनच किल्लीवर हात ठेवत आणि म्हणत, "बघू की. खोली काय पळून चाललीया?" मग बैठक पुढच्या विषयाकडे वळे. हे तीन वर्षे चालले होते.

१९५७ च्या सप्टेंबरात ते चालेना. शिक्षण खात्याचे पत्र आले. सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, इन्स्पेक्टर शाळा तपासायला येणार होते. शास्त्राला स्वतंत्र खोली दिसली नाही, तर पदार्थविज्ञान आणि रसायन येत्या जूनपासून बंद. हेडमास्तर मोहनरावांनी पत्र दोनदा वाचले आणि शास्त्राच्या बाईंना बोलावून त्यांच्या हातात दिले.

विजयमालाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. घर बारामतीचे, बी.एस्सी. पुण्याची, आणि इंदापुरात येऊन सव्वा वर्ष झालेले. शास्त्र बंद झाले तर बाईंची नोकरीही बंद, हे पत्रात लिहिलेले नव्हते. लिहायची गरजही नव्हती.

"सर, तात्यांना विचारलंत?"

"तीन वर्षं विचारतोय."

"मग आता?"

"आता तुम्ही विचारा. त्यांचं 'बघू की' ऐकून माझे कान किटलेत."

बाईंनी विचारायचे ठरवले, पण विचारायचे कसे ते ठरेना. तोवर तास तर घ्यायलाच हवे होते. शाळेची सध्याची प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची पेटी होती. ती शिक्षकांच्या खोलीत टेबलाखाली असे आणि तासाला शिपाई झुंबर ती डोक्यावरून वर्गात आणे. दारातच तो ओरडे, "प्रयोगशाळा आली! सरका!"

एकोणीस तारखेच्या गुरुवारी मात्र प्रयोगशाळा दोन खेपांत आली. दुसऱ्या खेपेला झुंबरच्या खांद्यावर बॅटरी होती. पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्या मानसिंगने ती बाईंना दिली होती. ट्रकचा स्टार्टर आता तिच्याने फिरत नव्हता, पण दिवे लावण्याइतकी ताकद तिच्यात होती. पाठोपाठ मानसिंगने बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली आणि थोडे तेजाब, म्हणजे आम्लही पाठवले होते. "पोरं जाळू नका म्हंजी झालं," एवढाच त्याचा निरोप.

विषय होता विद्युत-अपघटन. बाईंनी काचेच्या बरणीत दोन काळ्या कांड्या उभ्या केल्या. संपलेले सेल फोडून त्या काढलेल्या होत्या. एक कांडी बॅटरीच्या एका टोकाला तारेने जोडली. दुसरी आधी टॉर्चच्या बल्बला आणि बल्ब बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. कांड्या एकमेकींना टेकत नव्हत्या. मध्ये बोटभर मोकळी जागा होती.

"आता या जागेतून वीज पलीकडे गेली, तर बल्ब लागेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बरणीत मानसिंगच्या बाटलीतले शुद्ध पाणी ओतले.

बल्ब लागला नाही. नऊ मुलांनी माना पुढे काढल्या. तरी लागला नाही.

मग बाईंनी तेजाबाचे थेंब सोडले. बल्ब लागला आणि दोन्ही कांड्यांवरून बारीक बुडबुडे उठू लागले. बाईंनी पाण्याने भरलेल्या दोन परीक्षानळ्या कांड्यांवर पालथ्या धरल्या. काही मिनिटांनी एका नळीत जेवढा वायू साठला होता, त्याच्या दुप्पट दुसरीत साठला. दुप्पटवाल्या नळीच्या तोंडाशी काडी नेताच 'फट्' असा आवाज झाला आणि झुंबर दाराबाहेर गेला. तो परत आल्यावर बाईंनी सांगायला घेतले.

"पाणी दोन वायूंचं बनलेलं आहे, ते विजेनं सुटे केले. हायड्रोजन दोन वाटे, ऑक्सिजन एक वाटा. पण नुसत्या शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. तिला वाहून न्यायला विद्युतभार असलेले कण लागतात. पाण्यात आम्ल पडलं, मीठ पडलं, जमिनीतले क्षार उतरले, की असे कण सुटे होतात. धन कण ऋण कांडीकडे धावतात, ऋण कण धन कांडीकडे. कण नाहीत तर वाट नाही, आणि वाट नाही तर उजेड नाही."

"म्हंजी वीज आपल्या पायानं चालत न्हाय," दारातून झुंबर म्हणाला. "कुणाच्या तरी पाठुंगळी बसून जाती."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून झुंबर स्वतःला अर्धा शास्त्र-मास्तर समजू लागला.

पुढचा भाग बाईंनीच योजला होता. प्रत्येकाने घरच्या पाण्याची बाटली आणली होती. कालव्याच्या पाण्याने बल्बमधली तार काळीच राहिली. गावातल्या आडाच्या पाण्याने ती जेमतेम लाल झाली. आठ बाटल्या अशाच गेल्या. नववी सारजाची. ते पाणी बरणीत पडले आणि बल्ब लख्ख पेटला. तेजाबाच्या पाण्यानेही पेटला नव्हता तसा.

"कुनाचं पानी हाय ते?" दारातून आवाज आला.

महिपती तात्या इंजिनाच्या पाइपाचा एक जोड न्यायला आले होते. हातात किल्ली होती. ते केव्हापासून उभे होते, कोणाला कळले नव्हते.

"आपलंच, तात्या," सारजा म्हणाली. "खालच्या नव्या हिरीचं."

तात्या आत आले. बल्बाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग बाकीच्या आठ बाटल्यांकडे पाहिले, आणि प्रत्येक बाटली कोणाच्या घरची ते विचारून घेतले.

"आन् यातल्या एकाचाबी दिवा लागला न्हाय?"

"नाही, पण तात्या, त्याचं कारण असं की…"

"कारन मला सांगता व्हय, बाई? तेलात कस आसंल तर दिवा उजेड देतो. गोडं तेल घाला, न्हाय तर रॉकेल घाला. पान्याचं बी तसंच. दोन वरसं मी सांगतुया, माज्या हिरीच्या पान्याला अंग हाय. कुनी ऐकत न्हाय. आता शास्त्रानंच सांगितलं!"

"तात्या, या पाण्यात जे क्षार…"

तात्यांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. "ही घ्या. त्या खोलीत हाच दिवा लावा. इन्स्पेक्टर येनार हाय न्हवं? दाखवा त्यास्नी. पाइप मी उद्या उचलतो. आता मोसंबीची कलमं बिनघोर लावतो. चारशे!"

बाई थांबल्या. नेमक्या 'क्षार' या शब्दाशी थांबल्या, आणि ते त्यांच्या लक्षात राहिले. वाक्य पुरे करायला फार तर चार शब्द लागले असते. पण टेबलावर किल्ली होती.

शुक्रवारी पाइप गेले. शनिवारी नांगर गेले. झुंबरने खोली झाडली, तेव्हा तीन वर्षांची धूळ आणि विंचवाची कात निघाली. पाळणा तेवढा राहिला. तो झुंबरने आढ्याला टांगला आणि त्यात परीक्षानळ्या ठेवल्या. "हितं पडून फुटायच्या न्हाईत," तो म्हणाला.

रविवारी बाजार होता. बाई शनिवारी एस.टी.ने बारामतीला गेल्या होत्या. सोमवारी आल्या तेव्हा झुंबर फाटकातच उभा होता.

"बाई, बाजारात नुसता त्या पेटलेल्या बुलूकाचा बोलबाला हाय. तात्यानं भाजीच्या वळीत हुभं ऱ्हाऊन सांगितलं, तालुक्यात एक लंबर पानी आपलं. मानसिंग म्हनला, 'तात्या, तुमच्या हिरीत माजी गाडी बुडवू का? डिझेल वाचंल.' तर तात्या त्येच्यावर रागावलं बी न्हाईत!"

"मग?"

"मग काय? ते बगा मग."

व्हरांड्यात तीन शेतकरी आपापले तांबे मांडीशी घेऊन बसले होते. बाईंनी तिघांचेही पाणी तपासले. बल्ब एकाचाही लागला नाही. तिसरा फारच खट्टू झाला. "आजून जरा जोर लावा की, बाई," तो म्हणाला. "दोन कोस चालून आलोय."

"बाबा, तुमचं पाणी चांगलं आहे. बल्ब लागला नाही म्हणूनच चांगलं आहे. दिवा पेटतो तो पाण्यातल्या मिठानं."

शेतकऱ्याने तांब्या उचलला. "मन राखायला बोलताय," तो म्हणाला आणि गेला.

बाई तडक मोहनरावांच्या खोलीत शिरल्या. आपण काय केले, किंवा काय केले नाही, ते त्यांनी सरळ सांगितले. तात्यांच्या नव्या विहिरीचे पाणी खारे आहे. विहीर कालव्याच्या खाली, ओढ्याकाठच्या सखल रानात आहे, तिथे निचरा नाही आणि झिरपलेल्या पाण्याबरोबर जमिनीतले क्षार उतरतात. बल्ब त्या क्षारांनी पेटला. आणि मोसंबीला खारे पाणी चालत नाही.

मोहनरावांनी चष्मा काढून पुसला. "कलमं कधी येणार?"

"बुधवारी. पितृपक्ष संपायची वाट बघत होते. मंगळवारी घट बसले की बुधवारी लावणी."

"आणि इन्स्पेक्टर शुक्रवारी. मग शनिवारी सांगा तात्यांना."

"तोवर चारशे कलमं जमिनीत गेलेली असतील, सर."

"कलमं मरायला दोन महिने लागतात. शास्त्र मरायला शुक्रवार पुरे."

हे खोटे नव्हते. बाई खोलीबाहेर पडल्या. मंगळवारी त्यांनी नववीचा तास घेतला. पहिल्याच बाकावर सारजा होती. गुरुवारचा धडा तिने वहीत स्वच्छ अक्षरात उतरवला होता. शेवटचे वाक्य होते, 'मीठ व क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज जाते.' त्याच्याखाली तिने दुसऱ्या शाईने लिहिले होते, 'बाई, मग आमच्या विहिरीत काय आहे?'

बाईंनी वही मिटली. मधल्या सुट्टीत झुंबरला म्हणाल्या, "शाळा सुटली की प्रयोगशाळा सायकलला बांध."

"कुठं न्यायची?"

"तात्यांच्या वस्तीवर."

वस्ती पावणेतीन मैलांवर होती. झुंबरने बॅटरी कॅरिअरला बांधली, पेटी दांडीला अडकवली आणि सायकल हातात धरून चालत नेली. साडेचारला ते पोचले, तेव्हा तात्या खालच्या रानात खड्ड्यांवर देखरेख करत होते. ओसरीवर त्यांच्या पत्नी बनाबाई तूरडाळ निवडत होत्या. नुकताच घट बसलेला होता. देव्हाऱ्यापुढे परडीत काळी माती, मातीत पेरलेले धान्य आणि मधोमध मातीचा घट.

"या बाई. सारजा सारखी तुमचंच नाव घेती," बनाबाई म्हणाल्या. "आन् त्या बुलूकाचं ह्ये घेत्यात. जेवताना बुलूक, निजताना बुलूक. बसा, च्या ठेवते."

त्यांनी दोन घागरींपैकी लहान घागरीतले पाणी घेतले. बाईंच्या ते नजरेत आले.

"मावशी, दोन घागरी वेगळ्या कशाला?"

"ही मोठी नव्या हिरीची. भांडी घासाया, न्हाणीला. ल्हान हाय ती वरच्या जुन्या हिरीची. मी रोज जाऊन आनते."

"नवी विहीर तर दाराशी आहे."

बनाबाईंनी रानाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "त्या पान्यात डाळ शिजत न्हाय, बाई. दोन घंटं उकळली तरी दाना दान्याला वळखत न्हाय. साबन लावा, फेस न्हाय. आन् मागल्या साली घटाला त्येच पानी घातलं, तर धान पिवळं पडून बसलं. नऊ दिसांत बोटभर सुदीक वर आलं न्हाय. घट उगवला न्हाय म्हंजी किती वंगाळ! ह्येंनी म्हटलं, बी किडकं आसंल."

"तुम्ही त्यांना पाण्याचं सांगितलं नाहीत?"

"पंचवीस येळा. ते म्हनत्यात, तुला डाळ शिजवाया येत न्हाय."

तेवढ्यात तात्या आले. ओसरीवर बॅटरी बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, हितंच दाखवनार व्हय? बरं केलंत. गड्यांना बोलवू?"

"नको, तात्या. आधी तुम्हीच बघा."

झुंबरने बरणी मांडली. आधी मोठ्या घागरीतले पाणी. बल्ब लख्ख पेटला. तात्यांनी बायकोकडे असे पाहिले, की पंचवीस वेळांचा हिशोब एका नजरेत चुकता झाला.

बाईंनी बरणी धुतली आणि लहान घागरीतले पाणी ओतले. बल्ब लागला नाही.

"बगा!" तात्या म्हणाले. "हिच्या आवडत्या हिरीचं पानी. जीवच न्हाय त्यात."

"मावशी, चिमूटभर मीठ द्याल?"

बनाबाईंनी मिठाचा डबा आणला. बाईंनी चिमूट टाकून ढवळले. तार लाल झाली. आणखी एक चिमूट. बल्ब पिवळा झाला. आणखी एक, आणि तो मघाच्या विहिरीइतकाच लख्ख झाला. झुंबरने तोंडावर हात ठेवला.

तात्या खाली बसले. "थांबा. ह्ये तुमी टाकलं. माज्या हिरीत मीठ कोन टाकनार?" मग एकाएकी उभे राहिले. "वरच्या अंगाच्या झिपऱ्यानं तर न्हवं? त्येचा माजा बांधाचा तंटा हाय."

"तात्या, एवढ्या मोठ्या विहिरीत इतकं मीठ टाकायचं, तर त्याला गाड्या लागतील. ते जमिनीतलंच आहे. तुमच्या खालच्या रानात उन्हाळ्यात पांढरी पापडी धरते ना?"

"ती व्हय? ती मातीची साय हाय."

"चाखून बघितलीत कधी?"

बाईंनी मिठाच्या पाण्याची बरणी त्यांच्याजवळ सरकवली. "ही धन कांडी. इथं वास घ्या."

तात्यांनी वाकून वास घेतला आणि झटक्याने मान मागे घेतली. "पटकीच्या साली हिरीत पावडर टाकलेली, तसा!"

"तोच. मिठातला क्लोरीन सुटतोय. आता बघा." बाईंनी दुसऱ्या भांड्यात नव्या विहिरीचे पाणी घेतले, कांड्या धुवून त्यात बुडवल्या आणि थांबल्या. बुडबुडे उठले. पाचेक मिनिटांनी तात्यांनी न सांगताच वाकून वास घेतला. या वेळी त्यांनी मान हळू वर केली.

वास तोच होता. जरा कमी, पण तोच.

तात्यांनी मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ भांड्यात टाकले. बल्ब एकदम पांढराशुभ्र झाला, टिचकी मारल्यासारखा आवाज आला आणि विझला.

"उडाला," झुंबर म्हणाला. "एकच व्हता."

"मीठ जास्त झालं," बनाबाई म्हणाल्या. "मी सैपाकात टाकलं आसतं तर ताट भिरकावलं आसतं."

तात्या हसले नाहीत. बाईंनी पर्समधून किल्ली काढली आणि खाटेवर ठेवली.

"तात्या, गुरुवारीच सांगायला हवं होतं. मी सांगायला घेतलं, तुम्ही किल्ली ठेवलीत, आणि मी गप्प बसले. खोली तुम्ही त्या उजेडापायी दिलीत. ती तुमची तुम्हाला परत. कलमं मात्र खाली लावू नका."

तात्यांनी किल्ली उचलली. करदोट्याला बांधली. गाठ मारायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"मग खालच्या रानात काय लावू?"

"ते मला ठाऊक नाही, तात्या. आधी चर खणून निचरा काढावा लागतो एवढं वाचलंय. शेतकी खात्याला विचारायला हवं."

"ठाऊक न्हाय म्हनाया शिकवत्यात व्हय कालिजात?" तात्या म्हणाले आणि रानाकडे निघून गेले. चहा थंड झाला तरी परतले नाहीत.

बुधवारी कलमांचा ट्रक शाळेवरून गेला. मानसिंग चालवत होता. तो परतल्यावर झुंबरने त्याला फाटकात गाठले आणि बातमी आत आणली. शंभर कलमे तात्यांनी वरच्या रानात, जुन्या विहिरीवर उतरवून घेतली. तीनशे त्याच ट्रकने सांगवीला मेहुण्याकडे पाठवली. खालचे खड्डे तसेच उघडे होते.

"किल्लीचं?" मोहनरावांनी विचारले.

"त्येचं काय बोललं न्हाईत."

मोहनरावांनी बाईंकडे पाहिले. मग हातातला पेपरवेट जागेवर ठेवून ते एवढेच म्हणाले, "पेटी तरी पुसून ठेवा."

गुरुवारी सातव्या खोलीला कुलूप होते. दिवसभर होते.

शुक्रवारी इन्स्पेक्टर साडेदहाला येणार होते. बाई नऊलाच शाळेत आल्या आणि फाटकात थबकल्या. सातव्या खोलीचे दार उघडे होते. आत बनाबाई पदर खोचून जमीन सारवत होत्या. निम्मी ओली होती, निम्मी वाळत आली होती.

"वल्यावर पाय देऊ नका, बाई. घंटाभरात वाळंल."

"तात्या?"

"आलेत की. मागं गाडी सोडत्यात."

तात्या मागच्या बाजूने आले. मागोमाग गडी होता आणि त्याच्या दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या. त्या खोलीच्या दाराशी ठेवायला लावून तात्यांनी खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. उलगडली. आत बल्ब होता.

"माज्या टॉर्चचा. तीन सेलचा हाय. रातच्याला पानी द्याया जाताना लागतो, पर आता खाली पानी द्यायचंच न्हाय."

"तात्या, आणि या कळश्या?"

"नव्या हिरीच्या." ते जरा थांबले. "बाई, दोन दिस लई इचार केला. तालुक्यात सगळ्यांत खारं पानी कुनाचं? माजं. बरुबर? मग शाळंत बुलूक लावायचा म्हटलं की लोकांनी मीठ इकत आनायचं, तेजाब मागायचं, आन् माजी हीर हितं भरलेली? इन्स्पेक्टरला दिवा दाखवायचा तर त्यो माज्याच पान्यावर. दुसऱ्या कुनाच्या पान्याचं काम न्हाय ते."

"कोणाच्याच पाण्याचं नाही," बाई म्हणाल्या. आता त्यांनाच हसू आवरेना.

"मग झालं तर. आन् बाजारात मी एक लंबर म्हनलो, त्ये खोटं न्हाय पडलं. काय?" त्यांनी करदोट्याची गाठ सोडली आणि किल्ली बाईंच्या नव्हे, गाडीतून उतरून शेजारी आलेल्या सारजाच्या हातात दिली. "रोज तू उघडायची. पर पाळना माजा हाय, त्यो इसरू नका."

इन्स्पेक्टर अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. उंच, बारीक, फारसे न बोलणारे गृहस्थ. त्यांनी सहा खोल्या वीस मिनिटांत पाहिल्या आणि सातवीत पाऊण तास थांबले. आढ्याच्या पाळण्यातल्या परीक्षानळ्यांकडे त्यांनी दोनदा पाहिले. सारजाने प्रयोग केला. आधी शुद्ध पाणी, मग तात्यांच्या विहिरीचे. बल्ब पेटला तेव्हा दाराशी उभ्या तात्यांनी मिशीवर हात फिरवला.

"एवढं पेटायचं कारण?" इन्स्पेक्टरांनी विचारले.

"क्षार, साहेब," सारजा म्हणाली. "आमची विहीर आहे. मोसंबीला चालत नाही, पण इथं चालते."

साहेबांच्या ओठांचा एक कोपरा हलला. "मुलांनी विहिरींचं पाणी तपासलंय का?"

"नऊ घरांचं, साहेब," बाई म्हणाल्या. "आणि आता लोक आपणहून तांबे घेऊन येतात. बल्ब लागला नाही तर खूश व्हायचं, हे त्यांना हळूहळू पटतंय."

मोहनरावांच्या खोलीत चहा आला. झुंबरने आज पांढरे कपडे घातले होते आणि कपबशी दोन्ही हातांनी धरली होती. साहेबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि कोणाचेही मन न मोडता तो संपवला. मग मोहनरावांनी आपल्या कपातला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"झुंबर, चहाचं पाणी कुठलं?"

"दाराशी दोन कळश्या व्हत्या की, सर. ताज्या."

पत्र तीन आठवड्यांनी आले. मोहनरावांनी ते कमिटीपुढे मोठ्याने वाचले. शास्त्राचे विषय चालू राहावेत. प्रयोगशाळा साधी परंतु कामाची आहे. विद्यार्थी निरीक्षण स्वतः करतात, हे विशेष. शेवटी एकच सूचना होती : शाळेतील पिण्याच्या पाण्याची सोय सुधारावी.

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिले. तात्यांनी सवयीने सदऱ्यावरून करदोट्यावर हात ठेवला. तिथे आता काही नव्हते.

"बघू की," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत दोन कळश्या आल्या. एकीला सारजाने गळ्याशी लाल दोरा बांधला होता. तिच्यातले पाणी सातव्या खोलीत गेले. दुसरी जुन्या विहिरीची होती. तिच्यातले पाणी झुंबरने आधी बरणीत ओतून पाहिले, बल्ब लागत नाही याची खात्री केली आणि मगच चहाचे आधण ठेवले.